फॉरमॅट मारायच्या आधी स्क्रीनवरच्या वरच्या दोन ओळी वाचा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची फुकट सिस्टम, टाकण्याबद्दल लेख आला होता. लेख चांगला होता, वेळेवरही होता, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते जी जुन्या मशीनमध्ये बहुतेकदा नसतेच, मग चांगला चालणारा पीसी भंगारात द्यायचा का म्हणून लोक मिंट नाहीतर उबंटू हे लिनक्सचे प्रकार टाकून घेतायत आणि बरं चाललंय त्यांचं. पण लेखाखाली जी चौकट होती ना, तिच्यात असं छापलंय की मशीन चालू होताना काळ्या स्क्रीनवर कंसात इनिटरॅमएफएस असं येऊन अडकलं तर हार्डडिस्क गेली समजा, नवी टाका आणि फॉरमॅट करून घ्या. हे साफ चुकीचंय साहेब. आणि हे वाचून कोणी खरंच फॉरमॅट मारला तर त्याचा धडधाकट डेटा उगाच जाणार, म्हणून लिहायला बसलो.

नुसतं तुमच्या पेपरात असतं तर एवढं लिहिलं नसतं, पण बाजारातही हेच सांगतात. माझ्या मेव्हण्याचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. ऑफिसातल्या पीसीवर मिंट टाकलेलं, त्यात चलनं, बिलं, पार्ट्यांची ड्रॉइंगं सगळं. पावसाळ्यात आमच्याकडे लाइटचा काही भरवसा नसतो, त्यात सिंहस्थाची कामं म्हणून जिकडंतिकडं खोदून ठेवलंय, आणि यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. एका संध्याकाळी अपडेट चालू असताना लाइट गेली आणि सकाळी बघतो तर हाच काळा स्क्रीन. तो बिचारा सीपीयू उचलून शहरातल्या एका दुकानात घेऊन गेला, तिथं दोन मिनिटं बघून निदान झालं की डिस्क डेड, एसएसडीचे पैसे वेगळे, डेटा रिकव्हरीचे वेगळे, आणि रिकव्हरीची गॅरंटी नाही. नशीब की तो पैसे द्यायच्या आधी मला फोन करून बसला.

आता तो काळा स्क्रीन म्हणजे नेमकं काय ते सांगतो. जरा लांबण लागेल पण त्याशिवाय पटायचं नाही.

लिनक्समध्ये सी ड्राइव्ह डी ड्राइव्ह असला प्रकार नाही. सगळ्या फायली, सगळे फोल्डर एकाच ठिकाणाहून सुरू होतात, ते ठिकाण म्हणजे नुसती एक तिरकी रेघ, त्याला रूट म्हणतात. डिस्कवरचं कुठलंही पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग, वापरायचं तर आधी ते या रचनेत कुठल्यातरी फोल्डरवर जोडून घ्यावं लागतं, त्याला म्हणायचं माउंट करणं. आणि ज्या पार्टिशनवर सगळी सिस्टम बसवलीय ते पार्टिशन त्या तिरक्या रेघेवर माउंट झालं तरच पुढचं सगळं, म्हणजे लॉगिन, डेस्कटॉप, तुमचं चलन बिल. मशीन चालू केल्यापासून पहिल्या काही सेकंदात जी काही धावपळ चालते ती मुख्यतः एवढ्यासाठीच.

बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा फर्मवेअर जागा होतो, तो डिस्कवरच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनमधून ग्रब नावाचा बूटलोडर, म्हणजे सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, उचलतो (जुन्या बायोस मशीनमध्ये हे जरा वेगळं असतं, ते सोडा). ग्रब दोन फायली रॅममध्ये आणून ठेवतो, एक कर्नल, म्हणजे सिस्टमचा मूळ गाभा, आणि दुसरी ती इनिटरॅमएफएस, आणि कर्नलला एक ओळ लिहून देतो की रूट म्हणजे अमुक यूयूआयडीचं, म्हणजे ओळख क्रमांकाचं, पार्टिशन, आणि सुरुवातीला ते फक्त वाचण्यापुरतं जोड. एवढं करून ग्रब बाजूला होतो. इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. त्यांना वाटतं ग्रबला डिस्क वाचता आली म्हणजे कर्नललाही ती आयती मिळाली. तसं नसतं. ग्रब स्वतःच्या पद्धतीने फायली वाचतो, कर्नल रॅममध्ये उघडतो तेव्हा त्याला डिस्कबिस्क काही माहीत नसतं, सगळं पहिल्यापासून शोधायचं असतं.

आणि तिथंच गोची होते. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, डिस्क एनव्हीएमई प्रकारची असेल तर त्याचा, साटा प्रकारची असेल तर एएचसीआयचा, वर ईएक्सटी४ फाइल सिस्टमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचा, कोड लागतो, डिस्क एन्क्रिप्ट केली असेल किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटायची पद्धत) असेल तर त्यांचं आणखी वेगळं. जगातल्या सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर कर्नलच्या पोटात घातले तर तो केवढा फुगेल, म्हणून उबंटू मिंटवाले बरेचसे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळ्या फायलींत ठेवतात. त्या फायली कुठं असतात? त्याच रूट पार्टिशनवर. म्हणजे कपाटाची चावी कपाटातच ठेवून कपाट बंद केल्यासारखं झालं.

यावर उपाय म्हणून ती दुसरी फाइल. इनिटरॅमएफएस म्हणजे एक छोटीशी तात्पुरती सिस्टम आहे, कॉम्प्रेस केलेलं सीपीआयओ आर्काइव्ह, म्हणजे फायलींचं बांधलेलं गाठोडं. कर्नलकडे सुरुवातीपासूनच रॅममध्ये एक रिकामी फाइल सिस्टम असते, तिचं नावच रूटएफएस, तिच्यात हे आर्काइव्ह सोडवलं जातं. त्यात लागणारी मॉड्यूल असतात, बिझीबॉक्स नावाचं एक जादूचं पुडकं असतं ज्यात शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, आणि पन्नास बारीकसारीक कमांड एकत्र मिळतात, आणि इनिट नावाची एक स्क्रिप्ट असते. कर्नल ती स्क्रिप्ट प्रोसेस नंबर १ म्हणून चालवतो. मग ही स्क्रिप्ट ड्रायव्हर चढवते, डिस्क सापडायची वाट बघते आणि सापडल्या की त्यांतलं कुठलं पार्टिशन त्या यूयूआयडीचं आहे ते शोधते. उबंटू मिंटच्या आतापर्यंतच्या बहुतेक आवृत्त्यांत नेहमीच्या सेटिंगला ही वाट साधारण ३० सेकंद बघितली जाते, म्हणून तर ते अर्धा मिनिट नुसता लोगो दिसतो आणि मग एकदम काळं होतं.

यूयूआयडी कशाला, सरळ डिस्कचं नाव का नाही देत, असं मेव्हण्यानेही विचारलं. कारण एसडीए एसडीबी ही नावं ज्या क्रमाने डिस्क सापडतात तशी पडतात, आज पेनड्राइव्ह लावून चालू केलं तर कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते. यूयूआयडी मात्र फाइल सिस्टमच्या सुपरब्लॉकमध्येच, म्हणजे तिच्या स्वतःच्या माहितीच्या नोंदीतच, लिहिलेला असतो, डिस्क दुसऱ्या केबलला लावा, दुसऱ्या पोर्टला लावा, तो तोच राहतो. फॉरमॅट केलं की मात्र नवा. आणखी एक गंमत, नुसत्या कर्नलला एकट्याला हा फाइल सिस्टमचा यूयूआयडी कळतच नाही, तो ओळखायचं काम इनिटरॅमएफएसमधल्या प्रोग्रॅमचं असतं, कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी म्हणजे पार्टिशन टेबलमधला आकडा कळतो. पॉलिटेक्निकच्या पोरांनी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट केले असतील तर त्यांनी बघितलंच असेल, तिथं कर्नलला दिलेल्या ओळीत पार्टयूयूआयडी आणि रूटवेट, म्हणजे डिस्क दिसेपर्यंत थांब, असं लिहिलेलं असतं, कारण तिथं एसडी कार्डचा ड्रायव्हर आणि ईएक्सटी४ दोन्ही कर्नलच्या पोटातच असतात, इनिटरॅमएफएस नसली तरी भागतं. परीक्षेला बूट प्रोसेसची आकृती काढायला सांगतात त्याऐवजी ही एक ओळ समोर ठेवून विचारलं तर पोरांना जास्त कळेल, पण ते असो.

पार्टिशन सापडलं की त्याची तपासणी होते, एफएससीके नावाचा प्रोग्रॅम करतो ती, आणि मग ते एका तात्पुरत्या फोल्डरवर फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं. यानंतर जे होतं ते मला सगळ्यात भारी वाटतं. प्रोक, सिस, डेव्ह हे जे चालू माउंट (कर्नलने सिस्टमची आणि हार्डवेअरची माहिती दाखवायला बनवलेले फोल्डर) आहेत ते उचलून नव्या रूटमध्ये सरकवतात, रॅममधल्या जुन्या फायली पुसून टाकतात म्हणजे मेमरी मोकळी, नवं पार्टिशन त्या तिरक्या रेघेवर आणून ठेवतात आणि ती स्क्रिप्ट स्वतःच्या जागी डिस्कवरचा खरा इनिट, म्हणजे हल्ली सिस्टमडी, चालवते. प्रोसेस नंबर १ तोच राहतो, आतला माणूस बदलतो. जुनं रूटएफएस अनमाउंट मात्र करत नाहीत, करताच येत नाही, ते खाली रिकामं पडून राहतं. पूर्वी इनिटआरडी नावाची वेगळी पद्धत होती, त्यात रॅममध्ये खोटी डिस्क बनवून पिव्हट रूट, म्हणजे रूटची अदलाबदल, करायचे, २.६ कर्नलपासून हे नवं आलं, २००३ साली. मग सिस्टमडी एफएसटॅब, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं त्याची यादी, वाचतो, रूटला लिहिण्याची परवानगी देतो, होम वगैरे बाकीची पार्टिशन जोडतो. झालं, तुमचा डेस्कटॉप.

आता सांगा, कंसातलं ते इनिटरॅमएफएस दिसतंय म्हणजे काय? म्हणजे कर्नल चालू झालाय, इनिटरॅमएफएस नीट उघडलीय, त्यातलं शेलही चालतंय, फक्त खऱ्या रूटपर्यंत पोचता आलेलं नाही, म्हणून सिस्टमने तुमच्या हातात शेल देऊन सांगितलंय की बाबा तूच बघ आता. आणि का पोचता आलं नाही ते त्याच स्क्रीनवर वर लिहिलेलं असतं! ते वर सरकून गेलं असेल तर एक्झिट टाइप करून एंटर मारायचं, बहुतेक वेळा कारण पुन्हा छापून येतं. ते न वाचताच दुकानदार निदान करतात हे माझं दुखणं आहे.

मेव्हण्याच्या मशीनवर एक्झिट मारलं तर सरळ लिहून आलं की स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए२ वरच्या रूट फाइल सिस्टमला हाताने एफएससीके करावं लागेल. म्हणजे डिस्क सापडली होती, पार्टिशन सापडलं होतं, यूयूआयडीही जुळला होता. लाइट गेली तेव्हा अर्धवट लिहिलेलं काहीतरी तसंच राहिलं होतं. ईएक्सटी४ मध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, असतं त्यामुळे लाइट गेल्यावर एरवी ते आपोआप निस्तरतं, तुम्हाला कळतही नाही, पण कधीकधी, स्वस्तातल्या एसएसडीत तर जास्तच, असा गुंता राहतो की प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने सोडवायला धजत नाही, माणसाला विचारतो. मी फोनवरच सांगितलं, दुकानातून मशीन घेऊन घरी ये आणि टाइप कर एफएससीके, स्पेस, मायनस वाय, स्पेस, मग ते पार्टिशनचं नाव जसंच्या तसं. भराभर ओळी गेल्या, शेवटी फाइल सिस्टम बदलली असं आलं, परत एक्झिट, आणि मिंटचा लोगो. अपडेट अर्धवट राहिलेलं ते टर्मिनलमधून पुरं करून घेतलं. चलनं जागेवर, ड्रॉइंगं जागेवर. अर्थात दरवेळी इतकं सरळ होईलच असं नाही, एखादी फाइल लॉस्ट प्लस फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नंबर पडून जाऊन बसते, कधी खराबही होते. पण म्हणून सगळी डिस्क फॉरमॅट?

दुसरा प्रकार, अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असं अलर्ट म्हणून येतं. तेव्हा त्याच शेलमध्ये बीएलकेआयडी टाइप करून बघायचं डिस्क दिसते का. काहीच दिसत नसेल तर केबल बघा, डेस्कटॉपमध्ये साटाची केबल सैल होणं हे फार कॉमन आहे, आणि बायोसमध्ये जाऊन बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बायोसची सेटिंग डिफॉल्टवर जातात, काही लॅपटॉपमध्ये डिफॉल्टला स्टोरेज मोड रेड (आरएआयडी) किंवा इंटेलचा आरएसटी असतो, एएचसीआय नाही, आणि मग एनव्हीएमई डिस्क त्या इंटेलच्या कंट्रोलरमागे लपते, लिनक्सला दिसतच नाही. कर्नल तर बिचारा तेव्हा मेसेजमध्ये स्पष्ट लिहितो की बायोसमध्ये रेडवरून एएचसीआयवर या. सेल कितीला येतो आणि एसएसडी कितीला येते ते वाचकांना माहीत आहे. डिस्क दिसतेय पण यूयूआयडी वेगळाय, तर मग कोणीतरी डिस्क क्लोन केलीय किंवा पार्टिशन पुन्हा बनवलंय, ग्रबमध्ये ई दाबून कर्नलला दिलेली ती रूटची ओळ तात्पुरती बदलता येते.

तिसरा प्रकार कंसवाला नाहीच, त्यात कर्नल पॅनिक असं येतं आणि व्हीएफएसला, म्हणजे कर्नलच्या फायली सांभाळणाऱ्या भागाला, रूट माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य शून्य, असं काहीतरी. हे बघून माणूस घाबरतोच. पण बऱ्याचदा ही सगळ्यात सोपी केस असते. नवा कर्नल आला, बूट पार्टिशन भरलेलं होतं किंवा मध्येच लाइट गेली, त्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस तयारच झाली नाही, मग कर्नलकडे ना ड्रायव्हर ना यूयूआयडी ओळखायची सोय. चालू करताना शिफ्ट नाहीतर एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणायचा, ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये जुना कर्नल निवडायचा, मशीन उघडतं, मग जुने दोनचार कर्नल काढून जागा करायची आणि इनिटरॅमएफएस परत बनवून घ्यायची. उबंटू जुना कर्नल ठेवतो तो यासाठीच. इमर्जन्सी मोड असं आलं तर ती पुन्हा वेगळी भानगड, तिथं रूट बहुतेक माउंट झालेलं असतं आणि एफएसटॅबमधलं दुसरंच एखादं पार्टिशन सापडत नसतं.

डिस्क खरंच जाते का? जाते ना. पण ते ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. स्क्रीनवर आयओ एररच्या, म्हणजे डिस्कवर वाचता-लिहिता येत नसल्याच्या, ओळी सारख्या येत राहतात, जुनी फिरणारी डिस्क असेल तर टकटक आवाज येतो, बायोसमध्येच डिस्कचं नाव कधी दिसतं कधी नाही, डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो स्मार्ट रिपोर्ट ठेवते त्यात खराब सेक्टरचा आकडा वाढत जातो. असं असेल तर मी वर सांगितलेलं एफएससीके अजिबात करू नका, कारण ते डिस्कवर लिहितं आणि मरत्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. तेव्हा आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग बाकीचं. एवढा फरक तुमच्या चौकटीत दोन ओळींत मावला असता.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे, सगळ्यांना नाही, एमजी रोडपासून नाशिक रोडपर्यंत चांगलं काम करणारी पोरं आहेत, मला माहितीयेत. लिनक्स येत नसेल तर येत नाही म्हणा, त्यात कमीपणा काय. पण गिऱ्हाइकाची डिस्क डेड आहे असं सांगायच्या आधी एक लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरूनच सिस्टम चालते असा, लावून बघा, उबंटूचा कुठलाही चालतो, तो स्वतःचं रूट स्वतः घेऊन येतो, डिस्कवरच्या सिस्टमला हात लावत नाही. त्यातून उघडलं आणि गिऱ्हाइकाचे फोल्डर दिसले तर आधी ते बाहेरच्या डिस्कवर काढून द्या. मग फॉरमॅट मारा, विंडोज टाका, काय वाटेल ते करा. आणि गिऱ्हाइकांनी पण डेटाचा बॅकअप आहे का या प्रश्नाला हो हो म्हणून मान हलवू नये, पावसाळ्याआधी जसा यूपीएस बघायचा तसा हा पण बघायचा (मेव्हण्याने अजूनही बॅटरी बदललेली नाही, हे त्याने वाचावं म्हणून लिहितोय).

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की येत्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापा, मूळ चौकट होती तेवढ्याच आकारात आणि त्याच पानावर, आतल्या कोपऱ्यात नको. मेव्हण्याच्या स्क्रीनचे मोबाईलवर काढलेले दोन फोटो सोबत मेलने पाठवतोय, एक अडकलेल्या स्क्रीनचा आणि एक एफएससीके नंतरचा. हवे तर छापा, यूयूआयडी दिसतोय तो झाकायची गरज नाही, त्यावरून कोणाला काही करता येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
सिडको, नाशिक